निर्मात्या वहिनी

मालिका लिहिणाऱ्या बायका गोरेगाव-मालाडकडे राहतात, असा एक समज आहे. आमच्या वहिनी निगडी प्राधिकरणात राहतात. अशा वहिनी आता रावेत-वाकडलाही सापडतात. लॅपटॉप, मानेचा पट्टा आणि ‘बँक संपलीये हो’ हा घोष, या तीन खुणांवरून ओळखाव्यात. बँक म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग. ती कधीच शिल्लक नसते.

नवऱ्याचं भोसरीत वर्कशॉप. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी आणि टीआरपीचे आकडेही गुरुवारीच. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गृहस्थाला श्रीखंड मिळणार की कालची खिचडी, हे महाराष्ट्राचे प्रेक्षक ठरवतात.

वहिनींचा कच्चा माल सोसायटीतच मिळतो. तिसऱ्या मजल्यावर सासू-सुनेचं वाजलं, की या वाटी घेऊन साखर मागायला हजर. दारात उभ्या राहून वाटी या हातातून त्या हातात, पण पाय निघत नाही. पुढच्या पंधरवड्यात तेच संवाद रात्री साडेआठला. ती सासू मालिका न चुकता बघते आणि म्हणते, ‘‘काय नालायक बाई दाखवलीये!’’

अलीकडे वहिनींना निर्माती व्हायचंय. नवऱ्याने पैशाचा विषय काढला की दाखले तयार असतात. सई परांजपे दूरदर्शनमधूनच पुढे आल्या. मधुगंधा कुलकर्णी ‘होणार सून मी ह्या घरची’ लिहीत होत्या, पुढे निर्मात्या झाल्या. श्वेता शिंदेंनी 2017 मध्ये ‘लागिरं झालं जी’ थेट साताऱ्यात नेली. मग चाकणनेच काय घोडं मारलंय?

मुद्दा बिनतोड आहे. लाखभर पोरं मराठवाडा-विदर्भातून येऊन चाकणच्या कारखान्यांत गाड्या जोडतात आणि आपल्या मालिकांत एक माणूस शिफ्टला जात नाही. सगळे दिवसभर दिवाणखान्यात! वहिनींचा नायक लातूरचा, आयटीआय टर्नर. नायिका वायरिंग हार्नेसच्या लाइनवर. दोघांच्या शिफ्ट उलट्या, म्हणून भेट फक्त कंपनीच्या बसच्या स्टॉपवर. मला तर गोष्ट फार आवडली.

चॅनेलच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, ‘‘चाकण म्हणजे कांदा ना? हिरो कांद्याचा व्यापारी करू या.’’

वहिनींनी तो परतवला.

‘‘बरं, त्यांचा वाडा कुठाय?’’

‘‘वाडा नाही. कॉट बेसिसवर खोली आहे, सहा जणांत.’’

टेबलावर शांतता पसरली. मग एकाने काळजीने विचारलं, ‘‘अहो, पण मग सासू कुठे झोपणार?’’

वहिनी नुसत्या लेखिका असत्या तर कागद गुंडाळून घरी आल्या असत्या. त्या म्हणाल्या, ‘‘सासू लातूरहून एसटीने निघालीये. चाकणच्या तळेगाव चौकात अडकते. वीस भाग तिथेच काढते मी.’’

पायलटला मंजुरी मिळाली आहे.