फाल्गुनातील स्थलनिर्णय

माघ सरून पळस-पांगारे फुलले की मुंबई-पुण्याच्या भटक्यांपुढे मुक्कामी पदभ्रमणाच्या स्थलनिर्णयाचा जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर खरे तर टाक्यांत, म्हणजे गडावर कातळ खोदून केलेल्या पाणीसाठ्यांत, शोधायला हवे. कारण सह्याद्रीतला पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि मार्चपर्यंत कित्येक टाक्यांत हिरवट गाळापलीकडे फारसे काही उरत नाही. प्रत्यक्षात निर्णय छायाचित्रावरून होतो, आणि तेही जुलैतले असते. मग राज्यातले सर्वोच्च, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर बहुमताने ठरते व एकांताच्या शोधात निघालेल्यांची लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते. ज्यांना चढ मानवत नाही, ते पवना धरणाच्या काठी भाड्याच्या तंबूत उतरतात, जिथून तुंग आणि तिकोना हे किल्ले न चढता पाहता येतात व रानातली शांतता ध्वनिवर्धकावरून ऐकवली जाते. कड्याकपारींना लोंबणारी आग्या मोहोळे, म्हणजे मोठ्या, चिडक्या मधमाश्यांची पोळी, शेकोटीच्या धुराने उठतात, हा मुद्दा पूर्वतयारीच्या चर्चेत सहसा येत नाही. ती मटण की पनीर यावरच अडलेली असते.