आधी गेम ठरवा, मग डबा

“काकू, यांनी ऑनलाइन सगळं बघून ठेवलंय. प्लेस्टेशन घ्यायचं की एक्सबॉक्स, एवढंच ठरायचं राहिलंय,” वहिनी कठड्यावर कोपर टेकून म्हणाल्या.

राजवाड्यामागच्या आमच्या वाड्यात दोन घरांच्या गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढा लाकडी कठडा आहे. कुंपण म्हणाल तर तेच. बातमी आधी या कठड्यावर येते, मग खजुरी बाजारात जाते. मी मटार सोलत होते.

“आणि सोन्याला खेळायचंय काय?”

“ते कुठे विचारलं!”

“घ्या! म्हणजे उलट्या टोकानं सुरुवात झाली तुमची. प्रत्येक गेम प्रत्येक डब्यावर चालत नाही हो. मारिओ कार्ट निन्टेंडोच्या स्विचवरच. तुम्ही पन्नास हजारांचं प्लेस्टेशन आणून ठेवाल आणि पोरगं मारिओ मागत बसेल.”

“नाही, त्याला क्रिकेटच हवं असणार. विश्वचषक जिंकला त्या रात्री राजवाड्यावर बापाच्या खांद्यावर बसून नाचत होता ना, 2024 च्या जूनमध्ये? तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.”

“मग झालं. क्रिकेट 24 प्लेस्टेशनवर चालतो, एक्सबॉक्सवरही चालतो. सोन्याच्या मित्रांकडे कुठला डबा आहे ते विचारा. डिस्कची अदलाबदल करता येईल.”

“पण काकू, बिनडिस्कचा स्वस्त पडतो म्हणे.”

“पडतो ना. प्लेस्टेशन 5 आपल्याकडे 2 फेब्रुवारी 2021 ला आलं तेव्हा डिस्कवालं 49,990 ला होतं आणि बिनडिस्कचं 39,990 ला. दहा हजार वाचले म्हणून माणूस खुशीत घरी येतो. पुढे नवा मोठा गेम घ्यायला गेलं की पाच हजारांच्या आसपास. डिस्क असली तर खेळून झाल्यावर विकता येते, कुणाकडून जुनी घेता येते. बिनडिस्कच्या डब्यात कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातून घ्यायचं, तिच्याच भावात. एक्सबॉक्स सिरीज एसला तर डिस्कची खाचच नाही. चार गेम झाले की वाचलेले दहा हजार कुठे गेले ते शोधत बसा.”

वहिनींनी कठड्यावरून हात घालून दोन शेंगा उचलल्या.

“तुम्हाला हो एवढं कसं ठाऊक?”

“थोरल्यानं नव्वदच्या सालांत माझं डोकं खाल्लं होतं ना. मायक्रो जीनियसचा डबा होता. टीव्हीमागे वायर खुपसायची, चित्र फाटलं की कॅसेट काढून फुंकर मारायची. कॅसेटवर छापलेलं ‘9999 इन 1’, आत बघाल तर तेच दहा-बारा गेम नावं बदलून. पण रिमोट दोन होते. दोघं भावंडं शेजारी बसून भांडत खेळायची, आणि लाइट गेली की खेळ खलास. आता तोच थोरला पुण्याहून फोनवर मला शिकवतो.”

“आताच्या डब्यात एकच रिमोट असतो?”

“एकच. दुसऱ्याचे पैसे आधीच धरा, नाहीतर धाकटी रडेल. स्विचचं बरंय, त्याच्या दोन बाजू निघतात, दोघांच्या हातात एकेक. पण निन्टेंडो आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही, बाहेरून आलेला माल असतो. जेलरोडच्या दुकानातून घेतलात तर बिघडल्यावर कोण बघणार, ते बिलावर लिहून घ्या.”

“आणि मारामारीचे गेम? मला त्याचीच धास्ती आहे.”

“डिस्कच्या डबीवर पुढे खालच्या कोपऱ्यात चौकोन असतो. 3 आणि 7 हिरव्यात, 12 आणि 16 नारिंगीत, 18 लाल. ही युरोपातली पेगीची पद्धत, 2003 पासूनची. अमेरिकेच्या डबीवर आकड्याऐवजी अक्षर असतं: ई सगळ्यांना, टी म्हणजे तेराच्या पुढे, एम म्हणजे सतराच्या पुढे. पेगीच्या डबीला उलटं करा, मागे कारणही चित्रात दाखवलेलं असतं: मुठी, शिवीगाळ, जुगाराचे फासे. जीटीए 5 वर लाल 18 आहे. तरी आपल्या गल्लीतली चौथीतली पोरं ‘भिया, मी पोलिसाची गाडी उडवली’ सांगत फिरतात. दुकानदार वय विचारत बसत नाही, वहिनी. तो चौकोन आपणच बघायचा.”

“त्यापेक्षा मोबाइल बरा. फुकट तरी!”

“फुकट? मोबाइलवरचा पबजीच घ्या. सरकारनं तो सप्टेंबर 2020 मध्ये बंद केला. 2021 मध्ये तो बीजीएमआय नावानं परत आला, 2022 च्या जुलैत पुन्हा बंद, 2023 च्या मेमध्ये पुन्हा सुरू. 2021 ला कंपनीनंच अठराच्या आतल्यांना मर्यादा घातली होती: दिवसाला तीन तास खेळ आणि दिवसाला सात हजार रुपये खर्च. ऐकलंत? सात हजार, दिवसाला, आणि ही म्हणे मर्यादा!”

“अगं बाई! कोपऱ्यावरच्या आजोबांचं तेच झालं ना? नातवानं त्यांच्या फोनवरून बंदुकीला सोनेरी रंग घेतला म्हणे.”

“आणि आजोबा पेन्शनच्या पासबुकात चूक शोधत बसले! ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला, पण तो पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर. बंदुकीचे रंग विकणाऱ्यांना तो अडवत नाही. म्हणून डब्याला तुमचं कार्ड जोडून ठेवू नका. सोन्याचं वेगळं खातं काढा. प्लेस्टेशनवर त्यात वयाची मर्यादा, रोजचे तास, महिन्याचा खर्च, सगळं आईबापाला ठरवता येतं. खर्चाच्या रकान्यात शून्य घाला.”

“आणि नाद लागला तर? आमच्या सासूबाई म्हणतात, आता हा आजारच धरतात.”

“जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 2022 पासून आहे, खरंय. पण अभ्यास, झोप, जेवण सगळं सोडून साधारण वर्षभर पोरगं त्यातच अडकलं, तर तो आजार. शनिवारी तासभर खेळलं म्हणून काढा उकळायला नको. आणि गेमही सगळे गोळीबाराचे नसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं 2020 मध्ये ‘राजी’ काढला. एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते, दुर्गेनं दिलेला त्रिशूळ घेऊन. देवादिकांची गोष्ट आहे. सोन्या थोडा मोठा झाला की दोघं मिळून बघा.”

“मग मी आता करू काय? हे तर उद्याच ऑर्डर करायला निघालेत.”

“त्यांना दोन दिवस थांबवा. सोन्याकडून तीन गेमची नावं लिहून घ्या. प्रत्येकाच्या वयाचा चौकोन बघा आणि एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येतो का ते बघा. तेवढं झालं की डबा आपोआप ठरतो. आणि तो हॉलमध्येच ठेवा, सासूबाईंच्या खुर्चीसमोर. पोराच्या खोलीत गेलेला डबा पुन्हा बाहेर येत नाही.”