आधी तारीख, मग नाटक

लिहायला बसण्याची आमच्या घरात चोख व्यवस्था आहे. खिडकीपाशी टेबल, टेबलावर शाईचं पेन आणि एक जाड वही. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘रोज एक पान’. वहीत बरेच दिवस लिहिलेलं तेवढंच होतं.

पहाटे उठून लिहावं, तर नाशिकची थंडी आडवी येते. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर झळकू लागला की साहित्यसेवेसाठी रजईबाहेर हात काढणं हा शुद्ध आततायीपणा वाटतो. दुपारी जेवण अंगावर आलेलं असतं. आणि संध्याकाळी आईचा मोबाइल सुरू होतो. त्यावर नाट्यपदं, तीही शेजारच्या सोसायटीला पुरतील अशी.

“आई, मी लिहितोय.”

“कधीपासून? अर्धा तास पेन उघडं पडलंय नुसतं. लिहीत नाहीस तर निदान ऐक तरी.”

म्हणून ऐकू लागलो. लहानपणी वडील संगीत नाटकाला न्यायचे तेव्हा मी पहिल्याच अंकात झोपायचो. नायकाचं नायिकेवर प्रेम आहे हे दोघांना, नोकराचाकरांना आणि शेवटच्या रांगेतल्या शेंगदाणेवाल्यालाही ठाऊक असताना तो तेच पाऊण तास का गातो, हे कळायचं नाही. शिवाय वन्स मोअर मिळाला की पुन्हा पहिल्यापासून! आता पन्नाशी उलटल्यावर घाईने प्रेम करणाऱ्यांचाच जरा संशय येतो.

पण मला खरा भेटला तो सूत्रधार. नांदी झाली, की हा गृहस्थ तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर खुशाल विचारात पडतो, आज कोणतं बरं नाटक करावं? काही सुचत नसल्याचं इतकं राजरोस प्रदर्शन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि त्यातूनच नाटक सुरू होतं! मीही मग वहीत ‘आज काय बरं लिहावं’ इथूनच सुरुवात करू लागलो. ही आमची नांदी. ती कधीकधी चार ओळींतच संपते, पण वहीचं दुसरं पान एकदाचं उघडलं.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं चरित्र चाळलं तेव्हा तर मला गुरूच सापडला. सरकारी कचेरीत नोकरी करणारा माणूस. 1880 साली पुण्यात पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ पाहतो आणि असं आपल्याकडेही व्हावं म्हणून ‘शाकुंतल’ लिहायला घेतो. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला प्रयोग. पण किती नाटकाचा? पहिल्या चार अंकांचा! कालिदासाचे सात आहेत. मूड, निवांतपणा, डोंगरावरचा बंगला यांची वाट न पाहता झालं तेवढं रंगभूमीवर आणलं. 1882 मध्ये ‘सौभद्र’ही आधी तीनच अंकांचं झालं, लग्न जुळायला प्रेक्षकांना पुढल्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. बाकीचे अंक पूर्ण करायला याहून मोठा तगादा कोणता असणार?

आमच्या नाशिकलाही मूड-निवांतपणाची सबब चालत नाही. वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात शिकवत आणि नाटकं लिहीत. ‘मत्स्यगंधा’ 1964 चं, ‘लेकुरे उदंड जाली’ 1966 चं. त्याच वर्षी शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’. तिन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. मरायला टेकलेलं म्हणून ज्याच्या नावाने लोक गळा काढत होते, त्या संगीत नाटकाला पुन्हा उभं करणारी ही नाटकं लिहिणारे दोघेही नाशकातले. थंडी तेव्हाही हीच होती. अभिषेकीबुवांनी पदं आटोपशीर केली, प्रेक्षक वेळेत घरी जाऊ लागले. (हा धडा मी लेखांना लावावा, असं बायकोचं मत आहे.)

मी शेवटी किर्लोस्करी उपायच केला. शनिवारी आमच्या कट्ट्यावर जाहीर करून टाकलं, पुढच्या शनिवारी लेख वाचणार. शुक्रवारी रात्री पेन असं धावलं, की मध्येच शाई भरावी लागली. लेख अर्धाच झाला. तेवढाच वाचला. कुणी वन्स मोअर दिला नाही, पण एकाने “पुढे काय झालं?” असं विचारलं आणि माझा पुढचा आठवडा कामाला लागला.

तेव्हा तुमच्याही कपाटात एखादा पहिला अंक पडून असेल, तर प्रेरणेची वाट पाहू नका. चार माणसांना तारीख देऊन टाका. आणि त्या दिवशी चहा-भजी तुमच्याकडून ठेवा. प्रेक्षक टिकले पाहिजेत.