गृहीत धरलेल्या आजींस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती आजी (गृहीत), महाराष्ट्र राज्य.
विषय : नोकरदार एकल पालकांच्या मुलांचा सांभाळ आपल्याकडेच कायम ठेवण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून आपले अभिनंदन करण्यात येते, कारण शासनाच्या बालसंगोपन धोरणाचा मुख्य आधार आपणच असून त्यासाठी अर्थसंकल्पात आपल्या नावे एक रुपयाचीही तरतूद करावी लागत नाही. वैधव्य, घटस्फोट, परित्याग अशा कारणांनी मुलाची जबाबदारी एकट्याने पेलणारी आई अथवा बाप म्हणजे एकल पालक. त्याने नोकरी करावी याविषयी दुमत नाही, आणि त्या वेळात मूल कोठे असेल हा प्रश्न आपल्या भरवशावर सोडलेला आहे.

शासन स्वस्थ आहे, असे मात्र नव्हे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघर बंधनकारक झाले, आईला दिवसातून चारदा तेथे जाण्याची मुभाही मिळाली. पण अट ५० कर्मचाऱ्यांची असल्याने ४९ जणांच्या कार्यालयातील, तसेच चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची बाळे आपल्याच पदरात येतात. ‘पाळणा’ योजनेत, म्हणजे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून चालवावयाच्या पाळणाघरांत, दिवसाला साडेसात तासांचा सांभाळ अभिप्रेत आहे. आठ तासांची पाळी आणि बदलापूर-दादर लोकलचा जाण्यायेण्याचा वेळ त्यात कसा बसवावा, हे आपणांस तोंडपाठ असावे. खासगी पाळणाघरात तर गाडी चुकली की दप्तर, रिकामा डबा आणि पेंगुळलेले मूल दाराशी उभे असते, व त्या अर्ध्या तासाचे पैसे महिनाअखेरीस वेगळे लागतात.

प्राप्तिकराचे तर्कशास्त्र याहून सूक्ष्म आहे. जुन्या करप्रणालीत खेळगटाचे शिक्षणशुल्क वजावटीस पात्र ठरते, म्हणजे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वगळली जाते, पाळणाघराचे शुल्क मात्र ठरत नाही, मूल गाणे म्हणत असेल तर ते शिक्षण, आणि झोपले असेल तर पालकाची चैन. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना व एकल पुरुष पालकांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते, यावरून खासगी नोकरीतील पालकाने स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणावीत, एवढाच बोध निघतो.

तरी गुडघे, मोतीबिंदू व गावाकडचे घर ही कारणे पुढे न करता आपण कार्यभार चालू ठेवावा आणि सोबत हयातीचा दाखला जोडावा, ही विनंती. ज्या पालकांच्या बाबतीत असा दाखला मिळणार नाही, त्यांची प्रकरणे कोणत्या खात्याकडे वर्ग करावीत, हेही आपणच उलट टपाली कळवावे.