इथपर्यंत

परवा एका लग्नात शेजारच्या पानावरच्या गृहस्थांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली, पंजा गळ्याशी आडवा धरला आणि म्हणाले, ‘‘आमच्या वाड्यात पाणी इथपर्यंत!’’ गृहस्थ पन्नाशीचे. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ला. म्हणजे पाणी इथपर्यंत आलं तेव्हा हे अजून कुठंच आले नव्हते! पुण्यात पूरसुद्धा वारसाहक्कानं मिळतो. पण मी त्यांना हसलो ते मनातल्या मनात, कारण मूळ प्रत मी लहानपणी पाहिली आहे.

काकांना नाव होतं, पण अख्खी नारायण पेठ त्यांना ‘इथपर्यंत’च म्हणायची. धोतर, कोट, बगलेत छत्री. पूर पाहिलेल्या माणसाला विषय काढायला पाऊस लागत नाही. आजी तुळशीबागेत समईच्या वाती घेत असायची, एप्रिलचं ऊन रणरणत असायचं, आणि मागून आवाज यायचा, ‘‘वहिनी, इथपर्यंत!’’ आजी न बघता म्हणायची, ‘‘हो का?’’ हा ‘हो का’ ती त्यांना बारा महिने पुरवायची.

तेव्हाचा लक्ष्मी रस्त्याचा परिसर म्हणजे माणसांचं संग्रहालयच. नवसागराच्या धुरात बसलेला कल्हईवाला, जुन्या पातळावर ताटलीसाठी तासभर भांडणारी बोहारीण, अप्पा बळवंत चौकात गिऱ्हाइकाचा चेहरा बघून इयत्ता सांगणारे जुन्या पुस्तकांचे विक्रेते. पण हे सगळे काहीतरी विकत तरी होते. काका नुसते पातळी दाखवायचे. आणि पातळी जागेवर नव्हे, समोरच्या माणसावर ठरायची. पाहुणा मुंबईचा असला की छाती. नागपूरचा असला की हनुवटी. बेलबाग चौकात विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत तर त्यांनी छत्रीसकट हात वर केला होता. एकदा आम्ही पर्वती चढलो तेव्हा ते आधीच वर होते. तिथं हात गुडघ्याशी आला. १०३ पायऱ्यांचा त्यांनी तेवढाच मान राखला.

पाचवीत मी खडू आणि फूटपट्टी घेऊन त्यांच्या मागं लागलो. ते हात धरतील तिथं आमच्या वाड्याच्या भिंतीवर रेघ. महिन्याभरात सात रेघा झाल्या, आणि प्रत्येक आधीच्या रेघेच्या वर. वडिलांनी भिंत पाहिली आणि म्हणाले, ‘‘धरण फुटून बारा वर्षं झाली, पाणी अजून चढतंय.’’

त्या हाताचा उपद्रवही होता. उंबऱ्या गणपती चौकात एकदा ते कुणाला तरी पातळी दाखवत होते, तर चालती रिक्षा थांबली. पुण्यात हात दाखवून रिक्षा थांबवलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. रिक्षावाला म्हणाला, ‘‘कुठं?’’ काका म्हणाले, ‘‘इथपर्यंत.’’ पुढचा संवाद आजीनं मला ऐकू दिला नाही.

त्यांना गप्प केलं ते बोहारणीनं. पातळाची घडी घालता घालता ती म्हणाली, ‘‘काका, समद्या गावाचं पाणी सांगता. तुमच्या घरात किती होतं?’’ हात वर गेलाच नाही. त्यांनी उगाच छत्री उघडली, मिटली, आणि चालू लागले.

मग आजीकडून कळलं. त्यांचा वाडा नदीच्या अंगाला होता. पाण्यानं तो पडला नाही. मातीच्या भिंती भिजून फुगल्या होत्या. पाणी उतरलं आणि सगळं खाली बसलं. पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात त्यांना जागा मिळाली. आम्हाला वाटायचं हा माणूस आमच्याच गल्लीतला. तो गल्लीत राहतच नव्हता! रोज सकाळी जेवून पीएमटीनं यायचा आणि संध्याकाळी परत जायचा, कचेरी असल्यासारखा. रविवारीसुद्धा. मी त्या रात्री रेघा पुसायला गेलो होतो. खडू भिंतीत इतका मुरला होता की पुसून नुसता पांढरा पट्टा झाला, सातही पातळ्या एक झाल्या.

शेवटचे भेटले तेव्हा मला नोकरी लागली होती. आमच्या वाड्याच्या जागी इमारत झाली होती. भिंत नाही, रेघा नाहीत, तळमजल्यावर साड्यांचं दुकान. काका त्याच्या काचेसमोर उभे. मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक, पण हात उचलायला गेले आणि तो कमरेवरच अडला. खांदा धरला होता. दुसऱ्या हातानं रेटून पाहिला, तरी छातीपर्यंत येईना.

‘‘तू दाखव,’’ ते म्हणाले.

मी हात छातीशी धरला.

‘‘हॅ! वर.’’

हनुवटीशी.

‘‘वर घे रे, लाजतोस काय?’’

मी चवड्यांवर उभा राहिलो, हात डोक्याच्याही वर ताणला. दुकानातल्या बायका बघायला लागल्या. काका काचेकडं बघत होते, साड्यांच्या पलीकडं कुठंतरी. तेवढ्यात मागं करकचून ब्रेक लागला.

‘‘कुठं जायचंय?’’ रिक्षावाल्यानं विचारलं.

काकांनी त्याच्याकडं पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, ‘‘गोखलेनगर.’’

‘‘तिकडं नाही,’’ तो म्हणाला आणि निघून गेला.

‘‘आता खाली घे हात,’’ काका म्हणाले. ‘‘उतरलं.’’