चोरकप्पा

मराठी माणूस एकवेळ भावात फसेल, मापात नाही. शेजारचे नाना तर बँकेतून निवृत्त झालेले. एक टीबीची हार्ड डिस्क त्यांनी संगणकाला जोडली आणि पडद्यावर 931 जीबी उमटले. “उरलेले 69 कुणी खाल्ले?” असं विचारत ते आधी दुकानात गेले, मग आमच्याकडे आले.

कुणीच खाल्ले नव्हते. डिस्क बनवणाऱ्यांचा टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि तेवढे नानांना मोजून मिळाले होते. विंडोज त्यांना 1024 ने तीनदा भागतं आणि उत्तरापुढे जीबीच लिहितं. या हिशेबासाठी 1998 पासून ‘गिबिबाइट’ हे वेगळं एकक आहे, पण ते वापरतो कोण? जुन्या 1.44 एमबीच्या फ्लॉपीत तर एक एमबी म्हणजे 1000 गुणिले 1024 बाइट. दोन्ही पक्ष सांभाळणारा हा तोडगा कुठल्याही आघाडी सरकारला शोभला असता.

“उलट नाना, डिस्क सांगते त्याहून जास्त देते,” मी म्हणालो. आई तांदळाच्या डब्यात नोटा लपवायची, तसे डिस्ककडे राखीव सेक्टर असतात. कारखान्यातच खराब निघालेल्या सेक्टरांची यादी वेगळी, पुढे बिघडलेल्यांची वेगळी. एखादा सेक्टर गेला, की त्याचा क्रमांक गुपचूप राखीव सेक्टरला मिळतो. पाटी तीच, बिऱ्हाड दुसरीकडे. संगणकाला पत्ताही लागत नाही.

“मग ते राखीव माझ्या 931 मध्ये का धरत नाहीत?”

विषय बदलायला मी त्यांच्या जुन्या डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल उघडला. पाचव्या क्रमांकाला बदली झालेले सेक्टर दिसतात, 197 ला पेंडिंग. पेंडिंग म्हणजे जे वाचताच येत नाहीत ते. आतला मजकूरच कळत नाही, तर डिस्क हलवणार काय? त्या जागी कुणी नवं काही लिहीपर्यंत ती नुसती थांबते. नानांच्या पेंडिंगसमोर भलामोठा आकडा होता, आणि याच डिस्कवर मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो होते.

“नाना, आजच्या आज कॉपी काढा!”

“अहो, पेंडिंग म्हणजे बुडीत नव्हे!” नाना शांतपणे म्हणाले. “थोडी मुदत द्यायची. येतात वळणावर.”

बँकांची बुडीत कर्जं कशी वाढतात, ते मला तेव्हा कळलं.