भाऊंची ओळखीची मावशी

अलिबागला जेवायला जाणं आणि भाऊंबरोबर अलिबागला जेवायला जाणं, यात साधारण चार तासांचा फरक पडतो. असा एक भाऊ प्रत्येक सोसायटीत असतो. बोर्ड लावलेल्या हॉटेलात तो जेवत नाही. ज्याला बोर्ड लावावा लागतो त्याच्या हाताला चव नसते, हा त्याचा सिद्धान्त. मेनूकार्डाला प्लास्टिक दिसलं की उंबऱ्यावरूनच मागे फिरतो. कारण त्याची एक ओळखीची मावशी असते. ती कायम पुढच्या गावात असते.

फेब्रुवारीतल्या रविवारी आम्ही पाचजण त्याच्या तावडीत सापडलो. गेटवेहून सकाळची पहिली बोट. लोक सीगलना गाठ्या घालत होते आणि भाऊ पापलेट खाणाऱ्यांची कीव करत होता. "पापलेट मुंबईकरांना. रायगडचा माणूस जिताडा खातो. तोही खारेपाटातल्या तळ्यातला!" मग कठड्याला टेकून त्याने भरतीचं गणित मांडलं. कोकणात ते तिथीवरून करतात: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. "आज चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. किल्ल्यात चालत जायचं, होडीला पैसे द्यायचे नाहीत!"

गणित चोख निघालं, हे मान्य केलं पाहिजे. कुलाबा किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत आम्ही ओल्या वाळूतून चालत गेलो. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, आंग्ऱ्यांनी गाजवलेला जलदुर्ग. आत गणपतीच्या देवळात ही रांग, बायकांच्या हातात दुर्वांच्या जुड्या. "रविवारची गर्दी," भाऊ म्हणाला आणि आम्हाला बाहेर हाकललं. मावशीकडे उशीर नको.

बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या होत्या. २०२२ साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, असं कोणीतरी म्हणालं. "मानांकन मिळालं की वस्तू बिघडते," भाऊ म्हणाला. नागावला प्रत्येक फाटकावर 'घरगुती जेवण', आणि तव्यावरच्या सुरमईचा वास थेट रिक्षात. आमच्यातल्या एकाने हात जोडून "इथंच बसू" म्हटलं. "घरगुती असं लिहावं लागतं, यातच सगळं आलं." रिक्षा पुढे. दोघांना माडी प्यायची होती. भाऊंनी त्यांना नीरेची महती ऐकवली: सूर्य उगवायच्या आत प्यायची, ऊन चढलं की ती आंबू लागते, मग तिच्यात राम नाही. त्या दोघांना नेमका राम नसलेलीच हवी होती.

चौल आलं. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथं उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्याला आहे. तो काय जेवला असेल, यावर भाऊ दहा मिनिटं बोलला. उपाशी माणसांशी अन्नाबद्दल इतकं बोलू नये. कुंडलिकेचा पूल ओलांडताना उजवीकडे खाडी समुद्राला मिळत होती, पलीकडे कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा पोर्तुगीजांचा किल्ला. दृश्य असं की पोटात काही असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं.

मावशीचं घर खरोखरच होतं. बोर्ड नव्हता. माडांची सावली, सारवलेलं अंगण, चुलीला धूर मात्र नाही. भाऊंनी ओटीवरूनच ऑर्डर दिली: जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी.

मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "अरे, फोन तरी करायचा. आज संकष्टी ना! घरात सगळ्यांचा उपास, चंद्रोदयापर्यंत. मासळी आणलीच नाही. साबुदाण्याची खिचडी टाकू का?"

आम्ही पाचजण भाऊंकडे बघत राहिलो. चार त्रिक बारा करणारा माणूस पडेल चेहऱ्याने बसेल, अशी आमची अपेक्षा. पण भाऊंचा चेहरा उजळला. "बघितलंत? पर्यटकांसाठी चालवलेलं असतं तर आजही मासे मिळाले असते. याला म्हणतात अस्सल!"

खिचडी दोन वाजता आली. चांगली होती, दाण्याचं कूट सढळ हाताने. साबुदाण्याची पिशवी ओटीवर पडली होती, तिच्यावर तमिळनाडूतल्या सेलमचा छाप.

सोमवारी लिफ्टमध्ये भाऊ चौथ्या मजल्यावरच्या काकूंना सांगत होता, "कोर्लईला जाऊन खिचडी खा एकदा. आपल्याकडे तसा साबुदाणाच येत नाही. खाऱ्या वाऱ्याचा गुण असतो तो!"